हिरवा ठिपका

घरात तिला सगळे पुरावा मावशी म्हणत. हे नाव भाचीने वयाच्या नवव्या वर्षी ठेवले होते, आणि त्यात कौतुक किती नि वैताग किती याचा निवाडा कधीच झाला नाही. कुणी म्हणाले की उपाशीपोटी गार पाणी प्यायल्याने सांधे धरतात, तर मावशी चष्म्यावरून पाहत विचारी, "कुठे वाचलंस?" ऐकले म्हटले तर, "कुणाकडून?" त्या कुणाचे नाव सांगितले तर, "त्याला कुणी सांगितलं?" तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस स्वतःच्या सांध्यांबद्दलच साशंक होऊन उठून जाई.

एकतीस वर्षे ती सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसत होती. उत्तरेकडच्या उंच खिडकीखाली तिचे टेबल होते. दिवसभर त्यावर एकसारखा, सावली न पाडणारा उजेड पडे, आणि तिला वाटे की खऱ्या माहितीचा उजेड असाच असणार, कुणाच्याही बाजूने न झुकणारा. आठ वर्षांपूर्वी, तान्ही मुले खांद्यावर घेऊन येणारे आईबाप फोनवर काहीबाही वाचून भेदरलेले दिसू लागले, तेव्हा तिने एक यादी केली. मुलाची वाढ, कुटुंब आणि मन यांविषयी भरवशाने वाचावीत अशी संकेतस्थळे. तिच्या कसोट्या चार होत्या. लिहिणारा कोण, मजकूर शेवटचा कधी तपासला, पैसा कुणाचा, आणि तीच गोष्ट एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणी सापडते का. साठसत्तर स्थळे चाळून तिने चौदा ठेवली, प्रत्येकाची मुख्य पाने छापून फाइलला लावली. पहिल्या क्रमांकावर एका बालविकास केंद्राचे स्थळ होते. तिथल्या डॉक्टरांशी ती स्वतः फोनवर बोलली होती. पुढे ही यादी पाळणाघरांनी उचलली, शाळांनी उचलली, लसीकरणाच्या खोलीत भिंतीवर लागली. मावशीला मूलबाळ नव्हते. त्या यादीकडे पाहताना मात्र तिच्या चेहऱ्यावर जे येई, ते लपवायचे तिला कधी सुचले नाही.

भाचीची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, पाच वर्षांपूर्वी गेली. त्यामुळे भाचीला दिवस गेले तेव्हा विचारायला एक मावशीच होती, आणि मावशीने तिला यादी दिली.

मुलगी झाली. पहिले तीन महिने ती अशी किंचाळे की वरच्या मजल्यावरचे लोक खाली येऊन चौकशी करत, म्हणून बापाने तिचे नाव टिटवी ठेवले. तेच चिकटले. आता टिटवी दोन वर्षे दहा महिन्यांची होती, आणि घरात तिचा आवाज नव्हता. हसणे होते, रडणे होते, घशातून येणारा एक गोल, जाडसर हुंकार होता. शब्द नव्हता.

त्या रविवारी दुपारी मावशी भाचीकडे गेली होती. भाची चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचे काम करी. अर्ध्या मिलिमीटरची चूक तिला बोटांनी कळत असे, आणि सुट्टीच्या दिवशीही ती भाजी चिरताना एक डोळा मिटून तुकडा पाहत असे. मोरीत कपडे धुण्याचे यंत्र फिरत होते. टिटवी त्याला गाल लावून, दोन्ही तळवे पत्र्यावर पसरून उभी होती. यंत्र जोरात घुमू लागले की तिचे डोळे मिटत आणि ती हसे.

"बघ, हिचं देऊळ," भाची म्हणाली. "रोज एक धुणं लावावं लागतं. कपडे नसले तर चादरी."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मावशीने दाराकडे पाहिले, भाचीने पाहिले, आणि मग टिटवीने पाहिले. जावई पिशव्या घेऊन आत आला. मावशीच्या मनात काहीतरी अडकले. थोड्या वेळाने शेजारी कुणाचा तरी डबा खणखणत पडला. पुन्हा तसेच झाले. टिटवी आवाजाकडे वळत नव्हती. ती त्यांच्याकडे पाहत होती, आणि ते वळले की वळत होती. एवढ्याशा जिवाने आपल्या माणसांच्या माना वाचायला शिकून घेतले होते.

"हिचे कान तपासलेत का गं?" मावशीने विचारले.

"जन्मल्यावर तपासले होते. ठीक होते."

"त्याला तीन वर्षं होतील. पुन्हा तपासून घ्या. बोलत नाही म्हटल्यावर पहिल्यांदा कानच तपासायचे."

भाचीने सुरी ठेवली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात लहानपणचे जुने हसू आले. "कुठे वाचलंस?"

जावई हसला. "अडकल्या मावशी."

"हसू नका हो. मी सांगते ना."

"पण मी वाचलंय," भाची म्हणाली आणि तिने फोन पुढे केला. "तुझ्या यादीतलं पहिलंच. आठ महिने तेच वाचतेय. काही मुलं चार वर्षांपर्यंत आतल्या आत बोलत असतात. त्यांना हाका मारून पारखू नये, त्यांचा आत्मविश्वास खचतो. बघ, लिहिलंय. आणि दुधातून ते थेंब द्यायचे."

"कसले थेंब?"

"खाली आहेत बघ. केंद्राचेच."

मावशीने फोन हातात घेतला. वर तीच निळी पट्टी होती, तेच गोल चिन्ह, त्याच डॉक्टरांची नावे. खालची वाक्ये गुळगुळीत होती, आईच्या कपाळावरून हात फिरवणारी. तिला त्यातले एकही आठवेना. आपल्या यादीतल्या पानाला खोटे कसे म्हणावे, हे तिला एकतीस वर्षांत कुणी शिकवले नव्हते. ती एवढेच म्हणाली, "मी उद्या बघते."

"बघ की," भाची म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती, आणि मावशीला तीच जास्त लागली.

सोमवारी सकाळी तिने फाइल काढली. आठ वर्षांपूर्वी छापलेले पान कडेने पिवळे पडले होते. त्यावर स्वच्छ लिहिले होते की दोन वर्षांचे मूल बोलत नसेल तर वाट पाहू नका, आधी श्रवणचाचणी करा. तिने ते पान पडद्याशेजारी धरले. पाटी तीच, रंग तोच, फाटकाची कडीसुद्धा तीच, फक्त घरात दुसरेच कुणी राहायला आले होते.

केंद्राचा फोन बंद होता. ती संगणक कक्षात गेली. तिथले गृहस्थ बिस्किट चहात बुडवून, ते नेमके कोणत्या क्षणी काढावे याच्या विवंचनेत होते.

"ठिपका हिरवा आहे, बाई," त्यांनी पडद्यावर बोट ठेवून सांगितले. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच एक प्रोग्रॅम बसवला होता. ग्रंथालयाच्या सगळ्या दुव्यांवरून तो रोज एक फेरी मारी आणि प्रत्येकापुढे हिरवा किंवा लाल ठिपका ठेवी.

"हिरवा म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे दुवा चालू आहे. पान उघडतंय."

"आणि पानावर काय लिहिलंय ते?"

"ते यंत्राला कसं कळणार? वाचायचं काम तुमच्या विभागाचं ना," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी आणखी काही कळा दाबल्या. "केंद्र बंद पडलेलं दिसतंय. स्थळाच्या नावाची मुदत संपली, ते दुसऱ्यांनी घेतलं. आधी पानं तशीच ठेवली असतील, मग हळूहळू बदलली. असं करतात. तयार नाव मिळतं, तयार विश्वास मिळतो."

"कुणी घेतलं?"

"या पानावरच्या थेंबवाल्यांनी. दुसरं कोण."

बिस्किट चहात तुटून बुडाले. ते हळहळले. 

प्रोग्रॅम येण्याआधी ती दर जानेवारीत चौदाही स्थळे एकेक करून उघडत असे, छापील पानाशी ओळ न ओळ ताडून पाहत असे. डोळे चुरचुरत, मान आखडे, चार दिवस जात. मग ठिपके आले. एका जानेवारीत तिने ते वरून खाली पाहिले, चौदाच्या चौदा हिरवे होते, आणि तिने नोंदवहीत तारीख घालून सही केली. पुढच्या जानेवारीत तसेच केले. त्याच्या पुढच्याही. ज्या बाईने आयुष्यभर कुणाचा शब्द तपासल्यावाचून घेतला नाही, तिने एका रंगाचा शब्द तीन वर्षे घेतला होता.

"हे आजच्या आज काढा यादीतून," ती म्हणाली.

"काढतो की. अर्ज द्या. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे."

"तोवर?"

"तोवर चालू आहे," ते म्हणाले आणि चमच्याने चहाचा तळ ढवळू लागले.

त्याच संध्याकाळी ती छापील पान घेऊन भाचीकडे गेली. भाची नुकतीच दुकानातून आली होती. टिटवी तिच्या पायावर बसून तिच्या बुटाच्या नाड्या सोडत होती. मावशीने पान टेबलावर ठेवले, शेजारी फोन ठेवला, आणि शक्य तितक्या शांतपणे सांगितले.

भाचीने दोन्ही वाचले. तिने पान उजेडात धरले, जणू त्यात कुठे चरा पडला आहे का ते पाहत होती.

"हे आठ वर्षांपूर्वीचं," ती म्हणाली. "आणि हे गेल्या महिन्यात तपासलेलं. खाली तारीख आहे. दोन्हींत नवं कोणतं ते धरायचं, असं कुणी शिकवलं मला?"

"अगं, पण तारीख कुणीही टाकतं."

"मग तेव्हाच सांगायचं होतं, की तारीख कुणीही टाकतं. आणि तीन ठिकाणी बघ म्हणालीस, ते पण बघितलं मी. पाळणाघराच्या पानावर हेच आहे. लसीकरणाच्या खोलीत भिंतीवर हेच. आमच्या आयांच्या गटातही सगळ्या हेच वाचतात."

"त्या सगळ्यांनी माझ्याच यादीवरून घेतलंय," मावशी म्हणाली. "तीन ठिकाणं नाहीत ती. एकच आहे. मी आहे."

टिटवीने एक नाडी पूर्ण सोडवली आणि ती आईला दाखवली. भाचीने तिच्याकडे न पाहता मान हलवली.

"आणि ते तू बघितलं नाहीस?"

"नाही."

"कधीपासून?"

"तीन वर्षं. उघडून पाहिलंच नाही. ठिपका हिरवा होता."

भाचीने फोन टेबलावर पालथा ठेवला. मावशीला वाटले की ती रडेल, किंवा ओरडेल, आणि दोन्हींसाठी तिने मनाची तयारी केली. भाची शांतपणे म्हणाली, "म्हणजे आधी ते खरं होतं म्हणून मी वाचलं. आता ते खोटं म्हणून हे वाचू. उद्या तू तिसरा कागद घेऊन येशील. मावशी, मी थेंब मोजून घातलेत गं दुधात. आठ महिने, एक दिवस न चुकता. तिला चार वर्षांची होऊ दे. चारपर्यंत थांबा म्हणालेत ना, थांबते मी."

"थांबू नकोस. प्रत्येक महिना..."

"प्रत्येक महिन्याचं तू मला सांगू नकोस."

जावई दारात उभा होता. तो मावशीला खाली रस्त्यापर्यंत सोडायला आला. मालाची गाडी चालवणारा, कमी बोलणारा माणूस. "तिला भीती वाटतेय," तो म्हणाला. "मलाही वाटते. ते पान वाचलं की झोप लागायची आम्हाला."

"तुम्ही तरी न्या तिला, जावईबापू."

"तिच्या मनाविरुद्ध नेलं, तर ती मला घरात उभं करणार नाही," तो म्हणाला, आणि गाडीच्या टपावरची धूळ तळहाताने पुसत राहिला.

पुढचे तीन आठवडे मावशीने पत्रे लिहिली. यादी जिथे जिथे गेली होती अशा एकेचाळीस जागा तिला सापडल्या. आणखी किती सापडल्या नाहीत, हे तिला माहीत नव्हते. सोडलेली माहिती परत बोलावता येत नाही, तिला आपले अंगण ओळखू येत नाही. सहा जणांनी उत्तर दिले. त्यांतल्या एकीने आभार मानून नवी यादी कधी मिळेल असे विचारले. थेंबवाल्यांकडून आपोआप आलेले उत्तर होते की आपल्या बाळाच्या विकासाच्या प्रवासात आम्ही सोबत आहोत. दुपारी एक तरुण बाप टेबलाशी येऊन म्हणाला, "मुलांच्या वाढीबद्दल खात्रीचं काही सांगाल?" तिने तोंड उघडले. उत्तरेकडचा तो उजेड तिच्या हातांवर पडला होता. ते हात तिला परके वाटले. "डॉक्टरांना दाखवा," ती म्हणाली. "दाखवलं," तो म्हणाला, "आता वाचायचंय." तिने यादीची फाइल खणात सरकवली.

रोज संध्याकाळी ती भाचीला फोन करी. फोन वाजून वाजून थांबे.

बाविसाव्या दिवशी भाचीचाच आला. दुपारची वेळ होती. मागे यंत्राचा आवाज नव्हता.

"आज मी पारखलं तिला," भाची म्हणाली. "नको म्हणून लिहिलं होतं, तरी. ती खिडकीत बसली होती, पाठमोरी. काचेत माझं प्रतिबिंब पडणार नाही अशी उभी राहिले, ते मला जमतं. आणि हाका मारल्या. आधी हळू, मग मोठ्यानं, मग ओरडले. एकवीस. वरचे लोक खाली आले, मावशी. पूर्वी यायचे तसे."

मावशीने फोन दोन्ही हातांनी धरला.

"ती खिडकीबाहेर बघत होती," भाची म्हणाली. "मजेत."

कुणाची तरी वेळ रद्द झाली होती म्हणून चाचणीला पुढच्याच मंगळवारी जागा मिळाली. ती खोली जाड भिंतींची होती. दाराला कडेने रबर होते, आणि मध्ये दुहेरी काचेची खिडकी. भाची टिटवीला मांडीवर घेऊन आत बसली. तपासणाऱ्या बाईंनी दार लावले तसा बाहेरच्या बाकावर बसलेल्या मावशीला आतला एकही आवाज येईनासा झाला. काचेपलीकडे टिटवी रंगीत ठोकळे एकावर एक रचत होती. बाई यंत्राच्या खुंट्या फिरवत होत्या. आत्ता आवाज सोडला असेल की नसेल, हे मावशीला कळत नव्हते. मूल मान वळवत नाही ते ऐकू येत नाही म्हणून, की आवाजच झाला नाही म्हणून, हेही कळत नव्हते. ती भाचीच्या चेहऱ्याकडे पाहू लागली, आणि थोड्याच वेळात तो वाचायला शिकली. भाचीच्या पापण्या किंचित मिटल्या की आवाज झालेला असे. पापण्या पुन्हा पुन्हा मिटत होत्या. ठोकळ्यांचा मनोरा वाढत होता. फक्त एकदा, अगदी शेवटी, टिटवीचा हात हवेत थांबला आणि तिने छतातल्या दिव्याकडे पाहिले.

निकाल कागदावर खाली उतरत जाणाऱ्या दोन रेघांचा होता. जाडे, घुमणारे आवाज थोडे पोचत होते. माणसाचे बोलणे ज्या पट्टीत चालते ती पट्टी जवळजवळ रिकामी होती. जन्माच्या वेळी कान चांगले असूनही पुढे असे होऊ शकते, असे बाईंनी समजावले. झोपेतली आणखी एक चाचणी करू, मग कानांना यंत्रे लावू, मग बोलण्याची शिकवणी. शिकेल ती.

"आधी आला असतात तर बरं झालं असतं," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "यापूर्वी कुठे दाखवलं होतं?"

"नाही," भाची म्हणाली. "वाचत होतो."

"काय वाचत होतात?"

भाचीने मावशीकडे पाहिलेही नाही. "असंच," ती म्हणाली. "फोनवर."

"हो, सगळेच वाचतात," बाई म्हणाल्या.

मावशी पुढे सरकली. "ती यादी माझी होती," असे तिला म्हणायचे होते. तीन आठवडे ती हे वाक्य तोंडात घेऊन फिरत होती. पण बाईंनी पान उलटले होते आणि त्या टिटवीची जन्मतारीख विचारत होत्या. त्या खोलीत तिचा गुन्हा ऐकायला कुणाला सवड नव्हती.

आठवड्याने झोपेतली चाचणी झाली आणि रेघा त्याच आल्या. त्याच दिवशी यंत्रांसाठी कानांचे साचे घ्यायचे ठरले. कानात कापूस सारायचा, मग पिचकारीने मऊ गुलाबी लगदा भरायचा. तो पाच मिनिटांत घट्ट होतो आणि कानाचा आकार घेऊन बाहेर येतो.

"दोन्ही एकदम करू, म्हणजे एकदाच रडेल," बाई म्हणाल्या. "डोकं मात्र हलता कामा नये. मागून धरा कुणीतरी."

भाचीने हात पुढे केले. काचा बसवताना अर्धा मिलिमीटरही न चुकणारे ते हात मुलीच्या कानांपाशी येऊन थांबले. तिने ते मागे घेतले.

"तू धर," ती मावशीला म्हणाली.

मावशी खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने ते लहान, गरम डोके छातीशी दाबून धरले. पहिली पिचकारी कानात गेली तशी टिटवी किंचाळली. तान्हेपणीची तीच किंकाळी, जिच्यावरून तिला नाव पडले होते. दुसरी गेली. आता जे थोडे घुमणारे काही पोचत असे, तेही बंद झाले असणार. मुलगी सगळ्या अंगाने धडपडत होती. भाची तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसली, आपला चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आणून हसू लागली, भुवया उडवू लागली, गाल फुगवू लागली. तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होते.

"झालं हं," मावशी मुलीच्या केसांत म्हणाली. "झालं बाळा, झालं. थोडंच राहिलंय."

आपण कुणाशी बोलतो आहोत हे तिला चांगले माहीत होते. तिचे तोंड मुलीच्या डोक्यामागे होते. ते ओठसुद्धा मुलीला दिसणार नव्हते.

"किती झाली?" भाचीने विचारले.

"दोन मिनिटं," बाई म्हणाल्या.

"घट्ट धर, मावशी."

"धरलंय," मावशी म्हणाली, आणि पुन्हा त्या केसांत तोंड घालून, झालं, झालं, असे म्हणत राहिली.